झेडटी ०.९९ : पदार्थाचा गुण की सूत्राचा?

थर्मोइलेक्ट्रिक पदार्थांवर संगणकीय संशोधन करायचं ठरवलंत, की पहिल्या महिन्याभरातच एका ठरावीक साच्याचा पेपर तुमच्या हाती पडेल. साचा असा असतो : फारसा कुणी न अभ्यासलेला एक पदार्थ घ्यायचा. डीएफटी वापरून त्याची संरचना, बँड आणि डेन्सिटी ऑफ स्टेट्स काढायची. मग बोल्ट्झट्रॅप चालवून सीबेक गुणांक, विद्युत वाहकता आणि इलेक्ट्रॉनिक औष्णिक वाहकता यांचे रंगीत आलेख काढायचे. शेवटच्या आकृतीत झेडटी, आणि त्याचं शिखर ०.९७, ०.९८ किंवा ०.९९ वर. निष्कर्षात लिहिलेलं असतं की हा पदार्थ उष्णतेपासून वीज बनवण्यासाठी आश्वासक आहे.

असे तीन-चार पेपर वाचून झाले की एक गोष्ट खटकायला हवी. पदार्थ वेगळे, संरचना वेगळ्या, एकात जड मूलद्रव्यं तर दुसऱ्यात हलकी, तरी सगळ्यांचा झेडटी एकच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. कुणीही १ ओलांडत नाही आणि कुणी फार मागेही राहत नाही. निसर्ग इतका समदर्शी नसतो. वर्गातल्या सगळ्या मुलांना १०० पैकी ९८ पडले तर आपण मुलांचं कौतुक करण्याआधी प्रश्नपत्रिका तपासतो. आज आपण ती प्रश्नपत्रिका तपासणार आहोत.

मी इथे कुठल्या एका पेपरचं नाव घेणार नाही, कारण ही एकट्यादुकट्याची चूक नाही, रूढ झालेली पद्धत आहे. पण संशोधनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तुम्हाला हे आत्ताच कळायला हवं. अशाच एखाद्या पेपरवर तुमचा सिनॉप्सिस उभा राहतो आणि मग त्यावर तीन-चार वर्षं जातात.

आधी झेडटी, थोडक्यात

पदार्थाचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं तर दोन टोकांमध्ये विद्युतदाब तयार होतो. हे सीबेकने १८२१ मध्ये पाहिलं. एक केल्व्हिन फरकाला किती दाब मिळतो, तो सीबेक गुणांक. चांगल्या पदार्थात हा गुणांक मोठा हवा, विद्युत वाहकताही मोठी हवी, आणि उष्णता मात्र सहज वाहून जायला नको. या तिन्ही गोष्टी एका आकड्यात बांधल्या की झेडटी मिळतो : सीबेकचा वर्ग गुणिले विद्युत वाहकता गुणिले तापमान, आणि या सगळ्याला औष्णिक वाहकतेने भागायचं.

बिस्मथ टेल्युराइडचे ढोबळ आकडे टाकून बघा. सीबेक २०० मायक्रोव्होल्ट प्रति केल्व्हिन, विद्युत वाहकता १ लाख सीमेन्स प्रति मीटर, औष्णिक वाहकता १.५ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, तापमान ३०० केल्व्हिन. उत्तर येतं ०.८. कित्येक दशकं बाजारात विकल्या जाणाऱ्या छोट्या थर्मोइलेक्ट्रिक कूलरमागे साधारण याच दर्जाचा पदार्थ आहे.

आता छेदाकडे नीट बघा. उष्णता दोन वाटांनी वाहते. एक वाट इलेक्ट्रॉनांची, दुसरी स्फटिकाच्या जाळीच्या कंपनांची, म्हणजे फोनॉनांची. वरच्या उदाहरणात १.५ पैकी साधारण एक-तृतीयांश वाटा इलेक्ट्रॉनांचा आणि उरलेला जाळीचा. बोल्ट्झट्रॅप फक्त इलेक्ट्रॉनांचा हिशोब करतो. त्याला फोनॉन माहीतच नाहीत, आणि माहीत असल्याचा दावाही तो करत नाही. मॅडसेन आणि सिंग यांनी २००६ मध्ये हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला तो बँडवरून वहनाचे गुणांक काढण्यासाठी, आणि ते काम तो उत्तम करतो. गडबड त्याच्या पुढच्या पायरीवर होते.

दोन कप्पे आणि एक गैरसमज

औष्णिक वाहकतेसाठी ग्रीक अक्षर वापरतात ते कप्पा. मराठीत कप्पा म्हणजे खण, आणि गंमत म्हणजे इथे खरंच दोन वेगळे खण आहेत.

पहिला, कप्पा-शून्य. पदार्थात विद्युत क्षेत्र शून्य धरून, म्हणजे दोन्ही टोकं तारेने जोडलेली असताना इलेक्ट्रॉन किती उष्णता नेतात, त्याचा हा आकडा. इथे इलेक्ट्रॉन मोकळेपणाने वाहू शकतात, त्यामुळे प्रवाहासोबत जाणारी उष्णताही यात मोजली जाते.

दुसरा, कप्पा-ई. टोकं मोकळी आहेत आणि प्रवाह शून्य आहे, अशा स्थितीत इलेक्ट्रॉन किती उष्णता नेतात त्याचा आकडा. झेडटीच्या व्याख्येत जी इलेक्ट्रॉनिक औष्णिक वाहकता असते ती ही.

दोघांमधलं नातं साधं आहे. कप्पा-शून्यातून 'सीबेकचा वर्ग गुणिले विद्युत वाहकता गुणिले तापमान' वजा केलं की कप्पा-ई मिळतो. वजा होणारी ही राशी ओळखीची वाटली का? तो झेडटीचा अंश आहे.

आता मूळ बोल्ट्झट्रॅपच्या आउटपुट फाइलमध्ये जो स्तंभ मिळतो तो कप्पा-शून्याचा. शीर्षकात तसं लिहिलेलंही असतं. पण घाईत तोच स्तंभ उचलून, जाळीचा वाटा सोडून देऊन, थेट छेदात टाकला की काय होतं? कप्पा-ई कधीच ऋण होऊ शकत नाही, कारण उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही. म्हणजे कप्पा-शून्य हा नेहमी अंशापेक्षा मोठा किंवा फार तर त्याच्याइतका असणार. म्हणजे हा भागाकार कुठल्याही पदार्थासाठी, कुठल्याही तापमानाला, कितीही डोपिंग केलं तरी १ च्या वर जाऊच शकत नाही.

सगळे पेपर १ च्या खाली का थांबतात, याचं हे उत्तर. ती मर्यादा सूत्रात आधीच बसलेली आहे.

पण १ च्या इतक्या जवळ का?

हे अर्धंच कोडं सुटलं. कमाल १ असला तरी काही पदार्थ ०.३ वर, काही ०.५ वर का दिसत नाहीत? याचंही उत्तर कागद-पेन्सिलीने निघतं, सुपरकॉम्प्युटर लागत नाही.

वाहक कमी असतील, बँड साधा वाटीच्या आकाराचा असेल आणि रिलॅक्सेशन टाइम सगळ्या ऊर्जांना सारखाच धरला असेल, तर कप्पा-ई आणि 'विद्युत वाहकता गुणिले तापमान' यांचं गुणोत्तर ठरलेलं असतं. ते बोल्ट्झमन स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार, याच्या वर्गाच्या अडीच पट येतं. बोल्ट्झमन स्थिरांकाला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागलं की साधारण ८६ मायक्रोव्होल्ट प्रति केल्व्हिन मिळतात. हिशोब पुरा केला तर ते गुणोत्तर साधारण १३६ चा वर्ग येतं, सीबेकच्याच एककात. त्यामुळे पेपरातला तो 'झेडटी' असा लिहिता येतो : सीबेकचा वर्ग, भागिले सीबेकचा वर्ग अधिक १३६ चा वर्ग.

आकडे टाका. सीबेक ३०० असेल तर उत्तर ०.८३. ५०० ला ०.९३. १००० ला ०.९८. १५०० ला ०.९९.

आता प्रश्न उरतो की सीबेक १५०० कसा येतो. अगदी सहज येतो. केमिकल पोटेन्शिअल बँड गॅपच्या आत सरकवत नेला की वाहक कमी कमी होत जातात आणि सीबेक वाढत जातो. तो जास्तीत जास्त किती वाढेल याचा गोल्डस्मिड आणि शार्प यांनी दिलेला एक सोपा अंदाज आहे : बँड गॅप भागिले तापमानाची दुप्पट. गॅप १ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि तापमान ३०० केल्व्हिन असेल तर साधारण १६५० मायक्रोव्होल्ट प्रति केल्व्हिन. म्हणजे १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास गॅप असलेला कुठलाही अर्धवाहक घ्या, त्याच्या आलेखावर गॅपच्या आत कुठेतरी ०.९९ चं शिखर दिसणारच.

मिठाचा खडा

या सूत्राची परीक्षा घ्यायची सर्वात स्वस्त पद्धत म्हणजे त्यात नको तो पदार्थ घालून बघणं. स्वयंपाकघरातलं मीठ घ्या. सोडियम क्लोराइडचा गॅप साधारण ८.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. वरच्या अंदाजाने सीबेक १४,००० च्या वर. सूत्राचं उत्तर ०.९९९९. म्हणजे या पद्धतीनुसार मिठाचा खडा हा जगातल्या उत्तम थर्मोइलेक्ट्रिक पदार्थांपैकी एक! प्रत्यक्षात मिठात वाहून न्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत, तो विद्युतरोधक आहे.

मीठ हे टोकाचं उदाहरण वाटत असेल तर सिलिकॉन घ्या. खोलीच्या तापमानाला सिलिकॉनच्या जाळीची औष्णिक वाहकता साधारण १५० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन आहे, बिस्मथ टेल्युराइडच्या जवळपास शंभर पट. त्यामुळे अखंड सिलिकॉनचा मोजलेला झेडटी ०.०१ च्या घरात. आणि आपल्या साच्याचा झेडटी? ०.९९. म्हणजे शंभर पटींची चूक, तीही अशा पदार्थात ज्याच्याबद्दल आपल्याला जवळजवळ सगळं माहीत आहे. अनोळखी पदार्थात किती चूक असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आणखी एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. अंशात विद्युत वाहकता आणि छेदात कप्पा-शून्य, दोन्ही रिलॅक्सेशन टाइमच्या, म्हणजे टाऊच्या प्रमाणात असतात. भागाकारात टाऊ उडून जातो. फोनॉन आधीच नव्हते, आता इलेक्ट्रॉनांची धडकही गेली. उरला फक्त बँडचा आकार. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? ज्या दोन गोष्टींवर थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाचं भवितव्य ठरतं, त्या दोन्ही या आकड्यात नाहीत.

काही पेपर कप्पा-शून्याऐवजी कप्पा-ई योग्य रीतीने वापरतात, पण जाळीचा वाटा तरीही सोडून देतात. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिशेने भरकटतं. मग झेडटी होतो सीबेकचा वर्ग भागिले १३६ चा वर्ग : ५०० ला १३.५ आणि १००० ला ५४. असे आकडे बघून निदान शंका तरी येते. ०.९९ चा धोका हा की तो बघायला शहाणा दिसतो.

टाऊ म्हणजे १० फेम्टोसेकंद, हे कुणी ठरवलं?

जे संशोधक जाळीचा वाटा मोजतात त्यांना टाऊ लागतोच, कारण आता तो उडून जात नाही. इथे दुसरी रूढी येते : टाऊ १० फेम्टोसेकंद धरायचा. सगळ्या पदार्थांना, सगळ्या तापमानांना, सगळ्या डोपिंगला तोच.

परिमाणाचा अंदाज म्हणून हा आकडा वाईट नाही. पण सिलिकॉनचंच उदाहरण पुन्हा घ्या. हलक्या डोपिंगला त्यातल्या इलेक्ट्रॉनांची मोबिलिटी साधारण १४०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असते. त्यांचं वस्तुमान लक्षात घेऊन टाऊ काढला तर तो २०० फेम्टोसेकंदांच्या आसपास येतो, रूढीच्या वीस पट. तापमान वाढलं की तो घटतो, डोपिंग वाढवलं की घटतो, आणि एकाच पदार्थात वेगवेगळ्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना वेगवेगळा असतो. जाळीचा वाटा मोठा असलेल्या पदार्थात झेडटी जवळजवळ टाऊच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे टाऊ निवडणं हे उत्तर निवडण्यासारखंच आहे.

डीएफटीचा ठरलेला दोषही इथे येऊन मिळतो. पीबीई फंक्शनल वापरून सिलिकॉनचा गॅप साधारण ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट येतो, खरा आहे १.१ च्या आसपास. गॅप लहान निघाला की वरच्या तापमानाला इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही मैदानात उतरतात, एकमेकांचा दाब खोडतात आणि सीबेक कोसळतो. म्हणजे या चुका एकाच दिशेच्या नाहीत, की काढून टाकू म्हटलं आणि टाकल्या.

एक पदार्थ जो कागदावरच राहिला

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं हलक्या दर्जाच्या पेपरांबद्दल झालं. मग उत्तम दर्जाच्या एका कामाकडे बघू, कारण खरा धडा तिथे आहे.

२००६ मध्ये बोल्ट्झट्रॅपच्याच मॅडसेन यांनी मोठ्या संख्येने संयुगं आपोआप चाळून काढण्याची पद्धत मांडली आणि त्यातून लिथियम-झिंक-अँटिमनी हे संयुग पुढे आणलं. काम काळजीपूर्वक होतं. बँडची नीट चिकित्सा होती, जाळीच्या कंपनांचीही गणना होती, आणि भाकीत नेमकं होतं : एन-टाइप, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहक असलेलं लिथियम-झिंक-अँटिमनी उत्तम ठरावं. अंदाजित झेडटी १.५ च्या वर.

२००९ मध्ये टोबेरर, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी ते संयुग बनवून मोजलं. नमुने पी-टाइप निघाले, म्हणजे वाहक होल. तेही दर घन सेंटिमीटरला १० च्या २० व्या घाताच्या पटीत, भरपूर. ५२३ केल्व्हिनला झेडटी ०.०२ ते ०.०८. डोपिंग अगदी हवं तसं साधलं तरी पी-टाइपमध्ये त्या तापमानाला ०.२ च्या वर जाणं कठीण, असं त्यांच्या विश्लेषणात निघालं.

चूक कुठे झाली? बँडच्या गणितात ढोबळ चूक सापडली म्हणून भाकीत फसलं, असं नाही. पदार्थ एन-टाइप व्हायलाच तयार नव्हता. संगणकावर केमिकल पोटेन्शिअल ही माउसने सरकवायची पट्टी असते, डावीकडे नेली की पी, उजवीकडे नेली की एन. भट्टीतून निघालेल्या स्फटिकात ती पट्टी दोषांच्या हातात असते : कुठला अणू जागेवरून गायब आहे, कुठला भलत्याच जागी बसला आहे. काही पदार्थांत तुम्ही बाहेरून इलेक्ट्रॉन घालाल तसतसे नवे दोष तयार होतात आणि ते इलेक्ट्रॉन गिळून टाकतात.

आता याच्या उलट उदाहरण. मॅग्नेशियम आणि अँटिमनीचं संयुग, ज्यात तीन मॅग्नेशियमला दोन अँटिमनी असतात, ते कित्येक वर्षं पी-टाइप आणि सामान्य म्हणून ओळखलं जायचं. २०१६ मध्ये जपानमधल्या तामाकी आणि सहकाऱ्यांनी त्यात मुद्दाम थोडं जास्त मॅग्नेशियम घातलं, अँटिमनीची काही जागा बिस्मथला दिली आणि टेल्युरियमचं डोपिंग केलं. मॅग्नेशियमच्या रिकाम्या जागा कमी झाल्या आणि तोच पदार्थ एन-टाइप झाला. ७१६ केल्व्हिनला झेडटी १.५.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे चांगला बँड कागदावर आधीपासून होता. एकीकडे दोषांनी वाट अडवली आणि दुसरीकडे दोष आवरल्यावर वाट मोकळी झाली. मग ज्या पेपरात दोषांचा उल्लेखही नाही, तो आपला पदार्थ यांपैकी कुठल्या बाजूला आहे हे सांगू शकत नाही. आणि प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

जाळीचं प्रकरण किती नाजूक असतं

फोनॉन सोडून देणं का महागात पडतं, यासाठी टिन सेलेनाइडची गोष्ट बघा. २०१४ मध्ये त्याच्या एकस्फटिकात ९२३ केल्व्हिनला झेडटी २.६ मिळाल्याचं जाहीर झालं, मुख्यतः जाळीची औष्णिक वाहकता फारच कमी असल्यामुळे. मग एक विचित्र गोष्ट पुढे आली. बहुस्फटिक नमुन्यांत कणांच्या सीमा असतात, तिथे फोनॉन अडखळतात, म्हणून वाहकता आणखी घटायला हवी. ती उलट वाढलेली दिसायची. कारण होतं कणांवर बसलेला टिन ऑक्साइडचा पातळ थर, ज्यातून उष्णता कितीतरी सहज जाते. २०२१ मध्ये तो थर काढून केलेल्या बहुस्फटिक नमुन्यात ७८३ केल्व्हिनला झेडटी सुमारे ३.१ नोंदवला गेला.

एका ऑक्साइडच्या थरामुळे जिथे निकाल उलटा होतो, तिथे जाळीचा अख्खा वाटा शून्य धरून काढलेल्या आकड्याला काय म्हणायचं?

बचावाची बाजू

न्यायाने बोलायचं तर या साच्याच्या बाजूनेही काही मुद्दे आहेत.

पहिला, सीबेक. एकसारखा टाऊ धरला तर सीबेकच्या गणनेतून तो पूर्ण उडून जातो, त्यामुळे सीबेकचे आकडे बऱ्याचदा प्रयोगाशी चांगले जुळतात. म्हणून 'या वाहक संख्येला सीबेक इतका' असं विधान करणारा पेपर मला आवडतो. तो जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतो. २०१७ मध्ये अशा गणनांचा सुमारे ४८,००० पदार्थांचा एक खुला संग्रह प्रसिद्ध झाला. तो उपयोगी आहे, कारण त्यात मूळ राशी मिळतात आणि पुढचा हिशोब आपल्या जबाबदारीवर करता येतो.

दुसरा मुद्दा : आम्ही फक्त वरची मर्यादा सांगतो, तुलना करतो. हा मात्र टिकत नाही. कप्पा-शून्याने भागलेला आकडा खऱ्या झेडटीची वरची मर्यादाही नाही. टिन सेलेनाइडचा मोजलेला झेडटीच १ च्या कितीतरी वर गेलेला आहे. आणि तुलना म्हणावी तर शिखराची उंची गॅप आणि तापमानावरच ठरते. म्हणजे ती यादी जवळजवळ बँड गॅपचीच क्रमवारी असते. त्या यादीत मीठ सिलिकॉनच्या वर येतं.

तिसरा मुद्दा साधनांचा, आणि तो खरा आहे. जाळीची वाहकता काढायची तर हजारो लहान गणना लागतात. इलेक्ट्रॉन-फोनॉन धडक काढायची तर त्याहून जास्त. प्रत्येक विद्यापीठात तेवढा संगणक-वेळ मिळत नाही. पण २०१४ पासून शेंगबीटीई, तसंच फोनो३पाय यांसारखे प्रोग्रॅम जाळीसाठी मोफत उपलब्ध आहेत. टाऊसाठी २०२१ मध्ये आलेला ॲम्सेट ईपीडब्ल्यूपेक्षा पुष्कळ स्वस्तात काम करतो. आणि हेही जमत नसेल तर झेडटीची आकृती न टाकणं फुकट आहे!

संगणकीय भाकीत यशस्वी होतच नाही, असा अर्थ मात्र काढू नका. २०१९ मध्ये टँटलम-लोह-अँटिमनी हा पी-टाइप हाफ-ह्यूस्लर असाच सापडला. आधी गणनेतून विचारलं की न बनवलेल्या संयुगांपैकी कुठली टिकाऊ असतील. मग ती बनवली, मोजली, डोपिंग सुधारलं. ९७३ केल्व्हिनला झेडटी सुमारे १.५२. इथे गणनेने पहिला प्रश्न झेडटीचा विचारला नव्हता, पदार्थ अस्तित्वात राहील का हा विचारला होता. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पेपर हातात आल्यावर विचारायचे प्रश्न

पेटची मुलाखत असो की गाईडसोबतची पहिली बैठक, झेडटीचं भाकीत करणारा पेपर समोर आला की हे प्रश्न विचारा.

१. छेदात कुठला कप्पा आहे? शून्य की ई? जाळीचा वाटा धरला आहे का, आणि धरला असेल तर गणनेतून आला की दुसऱ्या पदार्थावरून उसना घेतला?

२. झेडटीच्या शिखराला वाहक संख्या किती आहे? चांगले थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ साधारणपणे दर घन सेंटिमीटरला १० च्या १९ व्या ते २१ व्या घाताएवढ्या वाहकांवर चालतात. क्ष-अक्षावर फक्त केमिकल पोटेन्शिअल असेल आणि वाहक संख्या कुठेच दिली नसेल, तर ती शोधून काढा. बहुतेकदा शिखर जिथे वाहकच नाहीत तिथे निघतं.

३. टाऊ कुठून आला? एकच धरला असेल तर तो दहापट कमी-जास्त केल्यावर निष्कर्ष टिकतो का?

४. पदार्थ थर्मोडायनॅमिकली टिकाऊ आहे का? तो त्याच्या घटकांत फुटून जाईल का, हे तपासलं आहे का?

५. हवं ते डोपिंग शक्य आहे का? दोषांच्या निर्मिती-ऊर्जेबद्दल एक वाक्य तरी आहे का?

पाचही उत्तरं समाधानकारक असलेला पेपर क्वचित मिळेल, आणि एखादं उत्तर नसलं म्हणून पेपर फेकायचाही नाही. पण लेखकांना आपल्या कामात काय नाही हे माहीत आहे का, हे कळतं. ज्यांना माहीत असतं ते निष्कर्षात जपून लिहितात.

हे सगळं आता जास्त महत्त्वाचं झालं आहे, कारण मशीन लर्निंगवाले साहित्यातले आकडे उचलून मॉडेल शिकवतात. मॉडेलला मिठातला ०.९९ आणि भट्टीतून निघालेला १.५ यांतला फरक कळत नाही. आपण लिहिलेला प्रत्येक निष्काळजी आकडा पुढे कुणाच्या तरी भाकितात खरा म्हणून वापरला जातो, आणि शेवटी कुणीतरी आर्गॉनच्या पेटीत बसून तो पदार्थ वितळवत बसतो.

आता एक गृहपाठ. ०.९५ ते १ च्या दरम्यान झेडटी सांगणारा एक संगणकीय पेपर शोधा. त्याच्या सीबेकच्या आलेखावर, झेडटीचं शिखर जिथे आहे त्याच जागेचा आकडा वाचा. त्याचा वर्ग करा, आणि त्याला त्याच वर्ग अधिक १३६ च्या वर्गाने भागा. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरेल. उत्तर छापलेल्या झेडटीशी दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळलं, तर त्या पेपराने पदार्थाबद्दल काय सांगितलं आणि काय नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज उरणार नाही.